पार्श्वभूमी : जॉर्ज फोरमनचा दम

५ नोव्हेंबर १९९४. लास वेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये जॉर्ज फोरमन रिंगमध्ये उतरला तेव्हा त्याने वीस वर्षांपूर्वीची लाल चड्डी घातली होती. मुहम्मद अलीने त्याला आफ्रिकेतल्या किन्शासात लोळवलं, त्या दिवशीची. डोक्याचा तुळतुळीत गोटा, पट्ट्यावरून ओसंडणारं पोट, वजन २५० पौंड, म्हणजे ११३ किलो. समोर हेवीवेट मुष्टियुद्धाचा जगज्जेता मायकेल मूरर : वय २६, पस्तीस लढती, पराभव शून्य. फोरमन ४५ वर्षांचा. आपल्याकडे या वयाची माणसं गुडघ्यांना कुठलं तेल चांगलं याची चौकशी करत असतात. त्याच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन उभा होता अँजेलो डंडी. किन्शासात हाच डंडी पलीकडच्या कोपऱ्यात होता, अलीचा प्रशिक्षक म्हणून.

२१ मार्च २०२५ रोजी, वयाच्या ७६व्या वर्षी फोरमन गेला. तेव्हाच्या बहुतेक बातम्यांत दोनच फोरमन होते : अलीकडून हरलेला आणि स्वयंपाकघरातली ग्रिल विकणारा. मधला माणूस निसटला. त्याच्या ठोशाबद्दल सगळेच बोलतात. मला विचाराल तर त्याची कारकीर्द समजून घ्यायला ठोशापेक्षा दम पाहावा. मराठीत हा शब्द बहुगुणी आहे. दम देतात, दम लागतो, दम धरतात. फोरमनने हे सगळं केलं, पण शेवटचं शिकायला त्याला फार वर्षं लागली.

जन्म १० जानेवारी १९४९, टेक्सासमधल्या मार्शल गावी. वाढला ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डमध्ये, काळ्या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. सात भावंडं, घरात खायची भ्रांत. शाळेत जेवणाच्या सुट्टीत लाज वाटू नये म्हणून रिकामी कागदी पिशवी फुगवून न्यायची, आत डबा असल्यासारखी. ही आठवण तो पुढे सांगायचा. शाळा सुटली, रस्त्यावर लोकांना लुटणं सुरू झालं. एकदा पोलिसांच्या कुत्र्यांना वास लागू नये म्हणून एका घराखाली सांडपाण्याच्या चिखलात अंग माखून तो पडून राहिला होता. तिथे पडल्यापडल्या आपण खरोखरचे चोर झालो आहोत हे लक्षात आलं, असं त्याचं म्हणणं.

त्याला बाहेर काढलं ते सरकारी योजनेने. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेतली ‘जॉब कोअर’ ही शाळा सोडलेल्या तरुणांना कामधंदा शिकवणारी योजना. १९६५ मध्ये फोरमन तिच्यातून आधी ओरेगनला, मग कॅलिफोर्नियाला गेला. सुतारकाम शिकला, विटा रचायला शिकला आणि मारामाऱ्या करत राहिला. तिथल्या डॉक ब्रॉडस नावाच्या प्रशिक्षकाने त्याला हातमोजे दिले.

ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमधलं त्याचं वागणं कळत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या काळ्या अमेरिकी धावपटूंनी पदक घेताना वर्णभेदाच्या निषेधार्थ काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली आणि त्यांना घरी पाठवण्यात आलं. त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी एकोणीस वर्षांच्या फोरमनने सोव्हिएत संघाच्या योनास चेपुलिसला दुसऱ्या फेरीत हरवून सुवर्ण जिंकलं आणि रिंगमध्ये छोटा अमेरिकी झेंडा फडकवला. गोऱ्या अमेरिकेने टाळ्या वाजवल्या, काळ्या तरुणांतल्या अनेकांनी तोंड फिरवलं. त्याच्या दृष्टीने मात्र झेंडा म्हणजे ज्यांनी तीन वेळचं जेवण दिलं ते. पण खुलासा कोण ऐकतो? सहा वर्षांनी किन्शासाला जाताना हे ओझं त्याच्याबरोबर होतंच.

व्यावसायिक पदार्पण २३ जून १९६९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालं. प्रशिक्षक डिक सॅडलर. सॅडलरकडेच माजी जगज्जेता सोनी लिस्टनही सराव करायचा. तुरुंग पाहिलेला, अबोल, नुसत्या नजरेने समोरच्याचे पाय लटपटवणारा. फोरमन त्याच्याबरोबर सराव लढती खेळला आणि त्याच्याकडून जॅबइतकाच (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) तो चेहराही उचलला. लढतीआधी पंच दोघांना मध्ये बोलावून नियम सांगतात, तेव्हा डोळ्याची पापणी न हलवता बघत राहायचं. दम देण्याचा हा प्रकार इतका चालला, की निम्मी लढत घंटेआधीच संपायची.

२२ जानेवारी १९७३ रोजी जमैकातल्या किंग्स्टनमध्ये तो जो फ्रेझरसमोर उभा राहिला. फ्रेझर अजिंक्य होता, दोन वर्षांपूर्वी त्याने अलीला हरवलं होतं आणि पैजा त्याच्याच बाजूने लागल्या होत्या. फोरमनने दोन फेऱ्यांत त्याला सहा वेळा पाडलं. एका ठोशाने तर फ्रेझरचे पाय जमिनीवरून उचलले गेले. त्या काळी हेवीवेटचं जगज्जेतेपद निर्विवादपणे एकाकडेच असायचं, आज वेगवेगळ्या संघटना आपापले पट्टे वाटतात तसं नव्हतं. फोरमन खऱ्या अर्थाने जगज्जेता झाला. मग टोकियोत होसे रोमनला एका फेरीत, काराकासमध्ये केन नॉर्टनला दोन फेऱ्यांत संपवलं.

इथे आकडे नीट पाहायला हवेत. अलीशी गाठ पडण्याआधी फोरमनच्या चाळीस लढती झाल्या होत्या, चाळीसही जिंकलेल्या, त्यांतल्या ३७ नॉकआऊटने. आणि शेवटच्या आठपैकी एकही लढत दुसऱ्या फेरीपुढे गेली नव्हती. जगाला यात ताकद दिसली. अलीला बहुधा हेही दिसलं, की या माणसाला तीन वर्षांत तिसरी फेरी खेळायची वेळच आलेली नाही. जगज्जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची.

किन्शासाचा घाट डॉन किंगचा. तोवर फारसा कुणाला माहीत नसलेल्या या आयोजकाने दोघांनाही प्रत्येकी ५० लाख डॉलर कबूल केले आणि पैसे उभे केले झैरचा (आजच्या काँगोचा) हुकूमशहा मोबुटूच्या जिवावर. मोबुटूला देशाची जाहिरात हवी होती. तारीख ठरली २५ सप्टेंबर १९७४. आठवडाभर आधी सराव करताना फोरमनच्या उजव्या डोळ्यावर खोक पडली आणि लढत पाच आठवडे पुढे गेली. तिच्यासाठी ठेवलेला संगीत महोत्सव मात्र ठरल्या दिवशी पार पडला. जेम्स ब्राऊन, बी. बी. किंग गाऊन गेले, मुष्टियोद्धे थांबले.

या पाच आठवड्यांत अलीने गाव आपलंसं केलं. रस्त्याने पळायचा, पोरांशी बोलायचा, ‘अली, बोमाये’, म्हणजे ‘अली, मारून टाक त्याला’, हा घोष त्याच्यामागे गर्दी करायची. फोरमन आपला जर्मन शेफर्ड कुत्रा घेऊन विमानातून उतरला होता. बेल्जियन राजवटीतले पोलीस असलेच कुत्रे लोकांवर सोडायचे. त्याच्या हे गावीही नव्हतं. बाकी फिफ्थ वॉर्डमध्ये पोलिसी कुत्र्यांना भिऊन चिखलात लपलेल्या पोराच्या नशिबी हे यावं, याला काय म्हणावं?

अमेरिकेतल्या प्रेक्षकांना रात्री दहाला पाहता यावं म्हणून लढत किन्शासात ३० ऑक्टोबरच्या पहाटे चारला लावली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते. पहिल्या फेरीत अलीने उलट्या चालीने, थेट उजव्या हाताने ठोसे मारले, फोरमनला डिवचायला. दुसऱ्या फेरीपासून तो दोरांना टेकला, कोपरं पोटाशी, मुठी चेहऱ्यासमोर, आणि फोरमनला मारू दिलं. फोरमन मारत राहिला. बरगड्यांवर, दंडांवर, कोपरांवर. दमट उकाड्यात, पूर्ण ताकदीचे, रुंद फेकलेले ठोसे. अली कानाशी लागून विचारायचा, एवढंच का? पाचव्या फेरीच्या अखेरीला फोरमनचे हात चिखलातून ओढल्यासारखे यायला लागले. दम लागला होता. आठव्या फेरीला शेवटचे काही सेकंद उरले असताना अली दोरांपासून सुटला, एक डावा, एक उजवा, आणि फोरमन पुढे झुकून गिरकी घेत खाली जाऊ लागला. चित्रफितीत पाहिलं तर त्या क्षणी अलीचा उजवा हात पुन्हा उगारलेला दिसतो. तो फोरमनच्या पडणाऱ्या देहाभोवती फिरतो, पण मारत नाही. दहा आकडे मोजून झाले तेव्हा फेरीचे दोन सेकंद बाकी होते. थोड्याच वेळात असा पाऊस कोसळला, की लढत तासभर उशिरा असती तर वाहूनच गेली असती.

मग सबबी. दोर सैल होते, मोजणी घाईने झाली, पाण्यात काहीतरी घातलं होतं. वर्षभर तो यातून बाहेर आला नाही. एप्रिल १९७५ मध्ये टोरंटोला त्याने एकाच दिवशी पाच जणांशी प्रदर्शनी लढती खेळून दम सिद्ध करायचा घाट घातला. रिंगजवळ अली समालोचनाला बसून टोमणे मारत होता. सगळा तमाशा झाला. १९७६ मध्ये रॉन लाइलशी झालेली मारामारी मात्र कुणीही शोधून पाहावी अशी. दोघेही पडले, उठले, पुन्हा पडले. फोरमन पाचव्या फेरीत जिंकला. फ्रेझरलाही त्याने पुन्हा हरवलं. पण अलीने पुन्हा संधी दिली नाही.

१७ मार्च १९७७, पोर्तो रिकोचं सान हुआन. जिमी यंगने त्याला बारा फेऱ्या पळवलं, शेवटच्या फेरीत पाडलं आणि गुणांवर हरवलं. लढतीनंतर कपडे बदलायच्या खोलीत त्याला आपण मरतोय असं वाटलं, मग देव भेटला. डॉक्टरांनी उष्माघाताची लक्षणं पाहिली. त्याने देव पाहिला. २८ वर्षांच्या फोरमनने हातमोजे टांगले, डोकं भादरलं, ह्यूस्टनच्या रस्त्यांवर प्रवचनं केली आणि छोट्या चर्चचा पाद्री झाला. दहा वर्षं आपण मूठही वळली नाही, असं तो सांगायचा. १९८४ मध्ये पोरांसाठी केंद्र काढलं. केंद्राचे पैसे संपत आले. दुसऱ्या चर्चमध्ये देणगीसाठी हात पसरताना लाज वाटली आणि आपल्याला पैसे मिळवायचा एकच धंदा येतो हे आठवलं.

९ मार्च १९८७ रोजी सॅक्रामेंटोत तो परतला. वजन २६७ पौंड, १२१ किलो. लोक हसले. त्याला हसू द्यायचं होतं. स्वतःच्या पोटावर, बर्गरच्या आवडीवर विनोद तोच आधी करायचा. पाचही मुलग्यांची नावं जॉर्ज ठेवलेला हा गुबगुबीत काका आणि पापणी न हलवणारा तो तरुण एकच, हे पटायला वेळ लागे. सुरुवातीचे प्रतिस्पर्धी सुमार होते, हे मान्यच करायला हवं. पण मधल्या काळात त्याने चाल बदलली. चाळिशी उलटल्यावरही लाइट हेवीवेट गटाचा जगज्जेता राहिलेला आर्ची मूर हा त्याचा जुना वस्ताद. त्याच्यासारखे हात छातीसमोर एकमेकांवर आडवे धरायचे, पायांनी कमी चालायचं, जड जॅब एकामागून एक मारत राहायचं. रुंद ठोसे गेले, आखूड आले. एप्रिल १९९१ मध्ये इव्हँडर होलीफील्डविरुद्ध तो फेऱ्यांमधल्या मिनिटात स्टुलावर बसलाच नाही, उभा राहिला. ४२व्या वर्षी तो बाराही फेऱ्या टिकला. गुणांवर हरला, पण आता याला हसणारे कमी झाले होते. त्याआधी परतीच्या चोवीस लढती त्याने ओळीने जिंकल्या होत्या. १९९३ मध्ये टॉमी मॉरिसनने त्याला पुन्हा गुणांवर हरवलं. तिथे संपायला हवं होतं.

मूररशी लढत मिळायलाही कोर्टात जावं लागलं. वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन वयाकडे बोट दाखवून मान्यता देईना. नेव्हाडाच्या न्यायालयाने फोरमनच्या बाजूने निकाल दिला.

नऊ फेऱ्या मूरर जिंकत होता. तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे. डावखुऱ्या मूररचा जॅब फोरमनच्या चेहऱ्यावर एकसारखा बसत होता, डावा डोळा सुजला होता. मूररचा प्रशिक्षक टेडी अ‍ॅटलस त्याला फिरत राहा, समोर उभा राहू नकोस, म्हणून सांगत होता. आणि फोरमन? चालत होता. वीस वर्षांपूर्वी पाचव्या फेरीतच रिकामा झालेला माणूस दहाव्या फेरीपर्यंत एका जागेची वाट पाहत होता. ती जागा म्हणजे मूररच्या दोन हातमोज्यांमधली फट. दहावी फेरी दोन मिनिटांवर आली असताना एक डावा, लगेच सरळ उजवा, आणि पुन्हा तसाच. उजव्या ठोशाने जेमतेम हातभर प्रवास केला असेल. तो हनुवटीवर बसला, मूरर पाठीवर पडला. पंच जो कोर्टेझने दहा मोजले. फोरमन कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसला आणि प्रार्थना करू लागला.

हेवीवेटचा सर्वांत वयस्कर जगज्जेता होण्याचा तो विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. त्याआधी १९५१ मध्ये जर्सी जो वॉलकॉट ३७व्या वर्षी जगज्जेता झाला होता.

पट्टे मात्र फार काळ टिकले नाहीत. टोनी टकरशी लढत नाकारली म्हणून एक गेला. जर्मनीच्या आक्सेल शुल्झला एप्रिल १९९५ मध्ये वादग्रस्त गुणांवर हरवलं, आणि पुन्हा लढायला तयार झाला नाही म्हणून दुसराही. पैसा मात्र भलतीकडूनच आला. चरबी निथळून जावी म्हणून उतरती केलेल्या विजेवरच्या ग्रिलला त्याने नाव दिलं होतं. १९९९ मध्ये त्या नावाचे कायमचे हक्क कंपनीने सुमारे पावणेचौदा कोटी डॉलरना विकत घेतले. ठोशांनी आयुष्यभर एवढं दिलं नव्हतं.

१९९७ च्या मार्चमध्ये किन्शासाच्या लढतीवरच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. मंचाच्या पायऱ्या चढताना पार्किन्सन्सने थरथरणाऱ्या अलीला फोरमनने आधार दिला. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला तो शेवटचा लढला, अटलांटिक सिटीत शॅनन ब्रिग्जविरुद्ध. वय ४८. बारा फेऱ्या झाल्या, रिंगभोवतालच्या अनेकांना फोरमन जिंकला असं वाटलं, पंचांनी ब्रिग्जला दिलं. एकूण ८१ लढती, ७६ विजय, त्यांत ६८ नॉकआऊट. पाच पराभवांपैकी चार गुणांवर. नॉकआऊट तो आयुष्यात एकदाच झाला, आठवी फेरी संपायला दोन सेकंद असताना.