कूलर गप्प झाला आणि काकांचा फोन ऐकू आला

लातूरला औसा रोडवर एका दुकानाच्या माडीवर आमचं सामाईक ऑफिस आहे. दहा टेबलं, एक इन्व्हर्टर, एक पत्र्याचा कूलर. माझ्या डावीकडे विम्याचं काम करणारे एक काका बसतात. त्यांचा प्रत्येक फोन "आवाज यायलाय का?" असा सुरू होतो, आणि तो आवाज खालच्या चहाच्या टपरीपर्यंत जात असणार याबद्दल मला शंका नाही.

मार्चअखेरच्या गर्दीत वैतागून मी नॉइज कॅन्सलिंगवाला, म्हणजे बाहेरचा गोंगाट घालवणारा, हेडफोन घेतला. बटण दाबलं. कूलरची घरघर पुसून टाकल्यासारखी गेली. आणि काका? ते तर आधीपेक्षा स्वच्छ ऐकू येऊ लागले. कुणा तात्यांचा हप्ता थकलाय, ते सोमवारी येणार होते, आले नाहीत, सगळं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "वापरून बघा, सवय होईल." हेडफोन खराब नव्हता. त्याला जे जमतं ते तो चोख करत होता. चूक माझ्या अपेक्षेत होती.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबाचा चढउतार, हे शाळेत झालंय: संपीडन आणि विरलन. दाब ज्या क्षणी वाढतो त्याच क्षणी तेवढाच कमी करणारी लाट कानाशी सोडली, की बेरीज शून्य. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांनी १९३३ मध्येच या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि १९३६ मध्ये त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं; पण ते साधण्याइतकी चपळ इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हती. पुढे १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानाच्या घरघरीत हेडफोनवरचं संगीत बुडालेलं पाहून बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी प्रवासातच आकडेमोड सुरू केली. (यांचे वडील कलकत्त्याहून अमेरिकेला गेलेले स्वातंत्र्यसैनिक.) वैमानिकांसाठीचा त्यांचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं.

आता माझ्या आवडीचा भाग. अडचण सगळी वेळेची आहे.

आमच्या कूलरचा पंखा मिनिटाला साधारण १४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २३. पाती तीन. म्हणजे सेकंदाला ७० वेळा हवेला धक्का, ७० हर्ट्झ. लातूरच्या चाळीस अंशांत ध्वनी सेकंदाला ३५५ मीटर जातो, म्हणून या लाटेची लांबी पाच मीटर. टेबलापासून भिंतीपर्यंतची अख्खी खोली एका लाटेत मावते. अशी लाट कानावर येते ती भरल्या बैलगाडीसारखी, सावकाश. हेडफोनचा बाहेरचा माइक तिला पाहतो, चिप तिची उलटी आवृत्ती बनवते, स्पीकर ती सोडतो, आतला माइक उरलंसुरलं तपासतो. समजा या खटाटोपात सेकंदाचा दहा हजारावा भाग उशीर झाला. ७० हर्ट्झच्या लाटेला एका आवर्तनासाठी याच्या सुमारे १४३ पट वेळ लागतो. एक आवर्तन म्हणजे ३६० अंश धरले, तर चूक फक्त अडीच अंशांची. उरलेला आवाज किती, ते चुकीच्या कोनाच्या निम्म्याची साइन घेऊन दुप्पट केली की कळतं: मूळच्या सुमारे चार टक्के. कूलर संपला.

तेवढाच उशीर १००० हर्ट्झला झाला तर चूक ३६ अंशांची होते आणि ६२ टक्के आवाज तसाच राहतो. चूक ६० अंशांवर गेली की फायदा शून्य. हे साधारण १६७० हर्ट्झला घडतं. आणि ५००० हर्ट्झला तर उलटी लाट पुरी अर्धं आवर्तन मागे पडून सुलटी होते: आवाज दुप्पट! (इथे डोकं गरगरलं असेल तर एवढंच घ्या: लाट जितकी बारीक, तितकी तिला गाठणं अवघड.) म्हणून एक-दोन हजार हर्ट्झच्या पुढे हेडफोन हे उलट्या आवाजाचं काम आवरतं घेतात आणि बाकीचं कानाभोवतीच्या गादीवर सोपवतात. शिवाय कूलर एकसुरी आहे, त्याचा पुढचा धक्का मागच्यासारखाच असतो, त्यामुळे त्याचा अंदाज बांधता येतो. काका पुढचा शब्द कोणता काढतील याचा अंदाज खुद्द तात्यांनाही नसतो.

"हप्ता थकलाय" हे शब्द घ्या. त्यातले "आ" दणदणीत, पण त्यांचा मुख्य जोर खालच्या पट्टीत. शब्द ओळखू येतो तो "प्त" आणि "थ" मधल्या क्षणभराच्या फुसफुशीमुळे, आणि ती बरीचशी दोन हजार हर्ट्झच्या वर. नेमकी तीच गादीतून झिरपते.

तरीही प्रश्न उरतो: ती आधीपेक्षा स्पष्ट का वाटावी? आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते. तिच्या तोंडाशी बारीक (जास्त हर्ट्झचे) सूर नोंदले जातात, टोकाशी जाडे (कमी हर्ट्झचे). जाड्या सुराची लाट टोकापर्यंत जायची तर वाटेत बारीक सुरांची जागा हलवूनच जाते. म्हणून खालचा आवाज वरच्याला झाकतो, वरचा खालच्याला तितका नाही. (या नळीतल्या लाटांवर संशोधन करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल मिळालं.) कूलर हा काकांवर टाकलेला गोधडीचा थर होता, मी पैसे मोजून तो काढून घेतला. लाईट गेल्यावरही हेच होतं. आमचा कूलर इन्व्हर्टरवर नाही.

आणि बोलणं हा मेंदूसाठी साधा आवाज नव्हेच. १९७६ मध्ये दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना अक्षरांची मालिका क्रमाने लक्षात ठेवायला लावली आणि कानात जर्मन उतारा वाजवला. जर्मन त्यांना येत नव्हतं, तरी चुका वाढल्या. सतत बदलणारा आवाज लक्ष ओढतो, अर्थ कळो न कळो. म्हणूनच कानात शब्दांची गाणी लावून हिशेब करणाऱ्यांचं मला नवल वाटतं: एक काका घालवून दुसरे आणायचे. मोठ्या ऑफिसांत तर बोलणं झाकायला छतातल्या स्पीकरमधून मुद्दाम मंद, एकसुरी सळसळ सोडतात.

सळसळ शोधताना मोबाईलवर ४३२ हर्ट्झच्या "विश्वाच्या कंपनांची" मालिका हाती लागली. ती म्हणे एकाग्रता वाढवते. अहो, हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती वेळा. आणि सेकंद आला कुठून, तर माणसांनी दिवसाचे ८६,४०० तुकडे केले त्यातून. तुकडे एक लाख केले असते तर याच सुराचा आकडा ३७३ च्या आसपास आला असता. आमच्या घड्याळाशी विश्वाचा करार कधी झाला?

हेडफोनचा खरा फायदा निराळा आहे. घरघर गेली की गाण्याचा आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९० ला चारच तास.

परवा दुपारी मी कॅन्सलिंग बंद केलं, गाद्या कानावर तशाच ठेवल्या आणि कूलरचं तोंड माझ्या टेबलाकडे वळवलं. काकांचं "आवाज यायलाय का?" दूर कुठेतरी गेलं. मग त्यांनी उठून कूलर परत स्वतःकडे फिरवला. त्यांना उकडत होतं.