संवादासमोर क्रियापद लिहिण्याची पद्धत आली कुठून?

नाट्यवर्गात आज अनेक शिक्षक संहितेच्या समासात क्रियापदं लिहायला लावतात. "निघालास?" या एका शब्दासमोर कुणी 'अडवणे' लिहितं, कुणी 'डिवचणे', कुणी 'विनवणे'. 'दुःखी होणे' मात्र चालत नाही. क्रियापद समोरच्या पात्रावर काही तरी घडवणारं, म्हणजे सकर्मक हवं.

याचं मूळ रशियन नट-दिग्दर्शक कॉन्स्टँटिन स्तानिस्लावस्की यांच्याकडे जातं. 1898 मध्ये त्यांनी नाटककार नेमिरोविच-दांचेंको यांच्यासोबत मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं. पण 1906 च्या सुमारास आपल्याच गाजलेल्या भूमिका यांत्रिक झाल्याचं त्यांना जाणवलं आणि तिथून त्यांचा शोध सुरू झाला. सुरुवातीला भर होता भावस्मृतीवर: नटाने स्वतःचा जुना अनुभव आठवायचा आणि ती भावना भूमिकेत आणायची. यातली अडचण तालमीत लगेच दिसते. भावना हुकमी येत नाही, आणि तिला शोधणारा नट स्वतःतच गुंततो. समोरचा नट त्याला दिसेनासा होतो. अखेरच्या वर्षांत स्तानिस्लावस्कींनी क्रम उलटा केला. आधी कृती करा, भावना तिच्या मागून येईल. 1938 मध्ये निधन होईपर्यंत ते शारीरिक क्रियांच्या याच पद्धतीवर काम करत होते.

अमेरिकेत मात्र आधी पोचली ती जुनी शिकवण. 1931 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ग्रुप थिएटर ही नाट्यसंस्था सुरू झाली, तेव्हा तिचे एक संस्थापक ली स्ट्रासबर्ग नटांकडून भावस्मृतीचे सराव करून घेत. त्यांच्यातल्याच अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर 1934 मध्ये पॅरिसला स्तानिस्लावस्कींना भेटल्या, काही आठवडे त्यांच्याकडे शिकल्या आणि परतल्यावर सहकाऱ्यांना सांगितलं की खरा भर कृतीवर आणि नाटकातल्या परिस्थितीवर आहे. स्ट्रासबर्गना ते पटलं नाही. अभिनयशिक्षणातला हा वाद मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण 'काय वाटतंय?' ऐवजी 'काय करतोयस?' हा प्रश्न तिथे ठामपणे पुढे आला.

ब्रिटनमध्ये दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क यांनी 'काय करतोयस?' हा प्रश्न तालमीत काटेकोरपणे राबवला. जॉइंट स्टॉक या नाट्यसंस्थेत आणि नंतर लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये त्यांचे नट टेबलाभोवती बसून वाक्यावाक्याचं क्रियापद ठरवत. 2004 मध्ये मरिना कॅल्डरोन आणि मॅगी लॉइड-विल्यम्स यांनी नटांसाठी अशा क्रियापदांचा कोशच काढला.

प्रत्येक वाक्याला क्रियापद लावण्यात वेळ फार जातो, आणि लिहिलेलं क्रियापद घट्ट धरून बसलेला विद्यार्थी पुन्हा समोरच्याकडे पाहत नाही. म्हणून काही शिक्षक प्रसंगाच्या एका तुकड्याला एकच क्रियापद देतात आणि समोरचा नट वेगळा वागला तर ते तिथल्या तिथे बदलायला सांगतात. नवशिक्यांसाठी मला हीच वाट अधिक बरी वाटते.