वाहून गेलेल्या पाणबुड्यांचा माग

6 एप्रिल 2022 रोजी मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरील मर्सिंगजवळ स्कूबा डायव्हिंगसाठी उतरलेले चौघे पाणबुडे पाण्यावर आले, तेव्हा त्यांची बोट जागेवर नव्हती. त्यांतील प्रशिक्षक महिला प्रवाहात इतरांपासून वेगळी झाली व दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. दोघे 9 एप्रिलच्या पहाटे बरेच दक्षिणेला मच्छीमारांना आढळले. चौदा वर्षांचा मुलगा मात्र वाचला नाही. अशा बातम्यांना ‘देव तारी त्याला कोण मारी’ हा मथळा हमखास मिळतो. त्या मुलाचा विचार केला की तो मथळा किती निर्दय आहे हे लक्षात येते.

या घटनेतील खरा प्रश्न असा, की एकाच ठिकाणी उतरलेली माणसे इतक्या वेगवेगळ्या जागी कशी सापडली? पाण्यावर तरंगणारी वस्तू दोन कारणांनी सरकते. एक म्हणजे तिच्याभोवतीचे पाणीच वाहत असते, आणि दुसरे म्हणजे तिच्या पाण्याबाहेरच्या भागाला वारा ढकलतो. पाणबुड्याचे फक्त डोके व खांदे वर असल्याने तो जवळपास पाण्याबरोबरच जातो. इंजिन बंद असलेल्या बोटीला मात्र वारा बराच जास्त रेटतो. त्यामुळे बोट आणि पाणबुडे यांतील अंतर कोणाचीही चूक नसताना वाढत जाते.

वारा पृष्ठभागाच्या पाण्यालाही आपल्या वेगाच्या सुमारे 2 ते 3 टक्के वेग देतो, पण सरळ आपल्या दिशेने नव्हे. नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांच्या 1893 ते 1896 या काळातील ‘फ्राम’ जहाजाच्या मोहिमेत आर्क्टिकमधील बर्फ वाऱ्याच्या दिशेपेक्षा 20 ते 40 अंश उजवीकडे सरकताना दिसला. पृथ्वीच्या परिवलनामुळे हे घडते, हे स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी 1905 मध्ये गणिताने मांडले. दक्षिण गोलार्धात पाणी डावीकडे वळते, आणि विषुववृत्ताजवळ परिवलनाचा हा परिणाम क्षीण होतो. मर्सिंग विषुववृत्तापासून जेमतेम अडीच अंशांवर आहे. तेथे भरती-ओहोटी आणि मोसमी वाऱ्यांनी चालवलेले प्रवाह हेच अधिक महत्त्वाचे ठरतात. त्यात लहान-मोठे भोवरे असतात, आणि शेजारी तरंगणारी दोन माणसे भोवऱ्याच्या दोन बाजूंना गेली की त्यांचे मार्ग कायमचे वेगळे होतात.

शोध घेणाऱ्यांची अडचण येथूनच सुरू होते. प्रवाहाच्या अंदाजात ताशी केवळ अर्ध्या किलोमीटरची चूक असली, तरी 24 तासांनी ती 12 किलोमीटर होते, म्हणजे सुमारे 450 चौरस किलोमीटरचे वर्तुळ. 48 तासांनी त्रिज्या दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट, सुमारे 1,800 चौरस किलोमीटर. म्हणून अमेरिकेच्या तटरक्षक दलाची सारॉप्स ही संगणकप्रणाली एकच मार्ग न काढता हजारो काल्पनिक पाणबुडे समुद्रात सोडते. प्रत्येकाचा सुरुवातीचा बिंदू, वारा आणि प्रवाह थोडा बदलून ते कोठे पोहोचतात हे पाहिले जाते, आणि जेथे त्यांची दाटी होते तेथे विमान आधी पाठवले जाते. एखाद्या पट्ट्यात विमान फिरूनही काही दिसले नाही, तर तेथील शक्यता शून्य धरत नाहीत. फक्त कमी करतात, कारण लाटांत डोके नजरेतून सुटणे अगदी साहजिक आहे. जेवढी शक्यता तेथे घटते, तेवढी ती इतर पट्ट्यांत वाटली जाते. ‘दिसला नाही’ हीसुद्धा माहिती मानणारा हा गणिती बेझ यांचा संभाव्यतेचा नियम मला या सगळ्या खटाटोपातील सर्वांत सुंदर भाग वाटतो.

माग काढेपर्यंत माणूस टिकला पाहिजे. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे कोमट वाटणारा समुद्रही तासांगणिक शरीर थंड करतो. शरीराच्या गाभ्याचे, म्हणजे आतल्या अवयवांचे तापमान 35 अंश सेल्सिअसखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. वेटसूट म्हणजे पाणबुड्यांच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाच्या निओप्रीन रबरात वायूचे सूक्ष्म बुडबुडे असतात. खोल पाण्यात ते दाबले जाऊन सूट पातळ होतो, पण पृष्ठभागावर ते पूर्ण फुगलेले असतात. म्हणजे तरंगत राहिलेल्याला ऊब आणि तरंगण्याची ताकद दोन्ही जास्तीत जास्त मिळतात. न्यूझीलंडमध्ये 2006 साली नौदलातील एक माजी पाणबुड्या 75 तासांनंतर जिवंत सापडला, तो वेटसूटमध्येच होता. शार्कची भीती चित्रपटांनी वाढवली आहे; वाहून गेलेल्यांना खरा धोका थंडी, तहान आणि थकव्याचा असतो.

दिसण्यासाठी पाण्यावर उभा राहणारा नारिंगी फुगा, आरसा आणि शिट्टी ही साधने स्वस्त असून उपयोगी आहेत. बीकन, म्हणजे 406 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर संकटाचा संदेश देणारे छोटे यंत्र, तर कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव व्यवस्थेच्या उपग्रहांमार्फत बचावकेंद्राला कळवते, आणि त्यात जीपीएस असेल तर शोधाचे क्षेत्र शेकडो चौरस किलोमीटरांवरून एका बिंदूजवळ येते. मात्र खारे पाणी विद्युतवाहक असल्याने या लहरी त्यात काही सेंटिमीटरांतच विरतात. म्हणून बीकन पाण्याखाली न वापरता खोलवरचा दाब सोसणाऱ्या डबीत न्यावा लागतो, आणि वर आल्यावर त्याचा अँटेना उलगडून पाण्याबाहेर धरून ठेवावा लागतो.