अमेरिकेच्या बॉर्डरवर वेव्हरचा अर्ज स्वतः जाऊन द्यायचाय? आधी हे वाचा

कधीकाळी चोरीची, फसवणुकीची नाहीतर ड्रग्जची केस झाली होती आणि आता अमेरिकेच्या बॉर्डरवरून परत पाठवलंय, अशी मंडळी आमच्याकडे येतात तेव्हा पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं, "अहो पण माझं रेकॉर्ड तर सस्पेंड झालंय ना." झालंय, म्हणजे कॅनडा सरकारने जुन्या गुन्ह्याची नोंद बाजूला ठेवलीय, पण ते कॅनडापुरतं, अमेरिका ते धरत नाही. म्हणून अमेरिकेचा आय-१९२ फॉर्म भरून वेव्हर, म्हणजे बंदी असूनही ठराविक काळ आत यायची परवानगी, मागायचा.

हा रस्ता कॅनडाच्या नागरिकांचा आहे बरं का. तुम्ही कॅनडाचे पीआर (कायमचे रहिवासी, पण नागरिक नाही) असाल आणि पासपोर्ट अजून भारताचाच असेल तर तुमचं काम व्हिसासोबत अमेरिकन कॉन्सुलेटमधून होतं, बॉर्डरवर गेलात तर नुसता हेलपाटा. आणि दारू पिऊन गाडी चालवल्याची एकच साधी केस असेल तर बहुतेक वेळा वेव्हर लागतच नाही, तेव्हा फी भरायच्या आधी विचारा, ती परत मिळत नाही.

फाइलमध्ये आरसीएमपीचं (कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांचं) बोटांच्या ठशांवरून काढलेलं गुन्ह्यांच्या नोंदीचं सर्टिफिकेट हवं, १५ महिन्यांच्या आतलं, नुसत्या नावावरून केलेला पोलीस चेक चालत नाही. प्रत्येक केसचे कोर्टाचे कागद हवेत. केस फार जुनी असली की कोर्ट म्हणतं फाइल नष्ट केली, मग तेच त्यांच्याकडून लेखी घ्या, रिकाम्या हाताने परत येऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ मात्र तुमच्या स्वतःच्या पत्राला द्या. अमेरिकेतल्या १९७८ च्या ह्रांका नावाच्या वेव्हरच्या केसपासून तीन गोष्टी तोलल्या जातात: तुम्हाला आत घेतलं तर लोकांना धोका किती, गुन्हा किती गंभीर होता, आणि जायचंय कशासाठी. "चूक झाली, माफ करा" एवढ्या एका ओळीने काही होत नाही. त्या दिवशी काय घडलं, त्यानंतर नोकरी, घर, उपचार काय काय झालं ते तारखांसकट लिहा, आणि काही लपवू नका, कारण खोटं बोलल्याचं सापडलं तर तेवढ्यावरूनच प्रवेश कायमचा अडकू शकतो.

अर्ज सगळ्याच नाक्यांवर घेत नाहीत, ठरलेल्याच ठिकाणी घेतात, काही जागी वेळही ठरलेली असते, म्हणून निघण्याआधी फोन करा. ई-सेफ या अमेरिकन सरकारी वेबसाइटवरून ऑनलाइनही भरता येतो पण ठसे द्यायला ४५ दिवसांच्या आत जावं लागतंच. स्वतः गेल्याचा फायदा आम्हाला असा वाटतो की ऑफिसर काउंटरवर तुमच्यासमोर एकेक पान उलटतो आणि शेवटच्या पानावर सही राहिली असेल तर ती तिथल्या तिथे कळते. मग ठसे, फोटो, फी, पावती. निर्णय तो देत नाही, फाइल व्हर्जिनियातल्या ऑफिसला जाते आणि उत्तराला कित्येक महिने लागतात. त्यामुळे त्या दिवशी सामान बांधून, हॉटेल बुक करून जाऊ नका प्लीज, लोक खरंच तसे जातात आणि मुलं गाडीत बसलेली असताना मागे फिरावं लागतं. गाडीत गांजाही नको, कॅनडात २०१८ पासून कायदेशीर असला तरी अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नाही.

वेव्हर जास्तीत जास्त ५ वर्षांचा मिळतो, कधी १ वर्षाचाच. मंजुरीचं मूळ पत्र दर खेपेला जवळ ठेवा आणि मुदत संपायच्या निदान वर्षभर आधी पुढच्या अर्जासाठी नवीन ठसे द्यायला जा. आमच्याकडे पहिल्यांदा येताना पासपोर्ट आणि बॉर्डरवर हातात दिलेला कागद आणा, तो चुरगळलेला असला तरी चालेल, त्यावर कुठलं कलम लावलंय ते आम्हाला बघायचं असतं.