पार्व्हो (कुत्र्यांचा)

कुत्र्यांना, त्यातही सहा आठवडे ते सहा महिने वयाच्या पिल्लांना होणारा अतिशय सांसर्गिक आंत्ररोग. नाव लॅटिन ‘पार्वुस’ (लहान) या शब्दावरून आले. विषाणूचा व्यास सु. २५ नॅनोमीटर भरतो. येथे अभिप्रेत आहे तो श्वान पार्व्होविषाणू-२. १९६७ मध्ये अमेरिकेत आढळलेला पार्व्होविषाणू-१ निराळा असून दोघांची गल्लत करू नये.

उगम : १९७८ च्या सुमारास हा रोग अनेक खंडांत जवळजवळ एकाच वेळी उद्भवला आणि प्रतिकारशक्तीच नसलेली असंख्य कुत्री दगावली. साठवणीतल्या जुन्या रक्तनमुन्यांत प्रतिपिंडे शोधली असता यूरोपात विषाणूचा वावर साधारण १९७४–७६ पासून असावा, असे दिसते. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया (पांढऱ्या रक्तपेशी घटवणारा सांसर्गिक रोग) विषाणूशी त्याचे जनुकीय साम्य ९८ टक्क्यांहून अधिक आहे. त्यामुळे मांजरांच्या लशीतला विषाणूच बदलून कुत्र्यांत शिरला, असे मत एके काळी मांडले गेले. जनुकक्रमांच्या तुलनेतून त्याला आधार मिळाला नाही. मांजराच्या विषाणूसारखाच एखादा पूर्वज मिंक, कोल्हा यांसारख्या रानटी मांसभक्षकांतून कुत्र्यांत आला असावा, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. तो मधला प्राणी मात्र निश्चित झालेला नाही. विषाणूच्या कवचातील मोजक्या अमिनो अम्लांच्या बदलामुळे त्याला कुत्र्याच्या पेशींवरील ट्रान्सफेरिन ग्राही (पेशीत लोह आत घेणारे प्रथिन) पकडता येऊ लागला, एवढे सिद्ध आहे. मूळ प्रकाराची जागा लवकरच २-अ ने घेतली. पुढे २-ब (१९८४) आणि इटलीत २-क (२०००) हे प्रकार आढळले. भारतात रोगाची नोंद १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली आहे.

विकृती : विषाणू झपाट्याने विभागणाऱ्या पेशी गाठतो. आतड्याचे अस्तर गळते आणि अस्थिमज्जेला इजा होऊन पांढऱ्या पेशी घटतात. उघड्या आतड्यातून जंतू रक्तात उतरतात, पण त्यांच्याशी लढायला पेशी उरलेल्या नसतात. संसर्गानंतर साधारण चार ते सात दिवसांनी पिल्लू सुस्तावते, खाणे सोडते, ओकू लागते. मग दुर्गंधीयुक्त, बहुधा रक्तमिश्रित जुलाब सुरू होतात.

शुश्रूषा : रूढ औषधांपैकी कोणतेही विषाणूला थेट मारत नाही. पिल्लाचे शरीर स्वतः सावरेपर्यंत त्याला जगते ठेवणे, हाच उपचार. त्यात मुख्य म्हणजे शिरेतून सलाईन, गरजेनुसार पोटॅशियम व ग्लुकोज मिसळून. जोडीला ओकारीरोधक आणि जंतूंसाठी प्रतिजैविके देतात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली, हिरड्या चिकट व फिकट दिसल्या, तर पाणी फार कमी झाले आहे असे समजावे. ओकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात दूध किंवा पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पॅरासिटामॉलसारखी माणसांची औषधे तर मुळीच देऊ नयेत. अंग गार पडत असेल, तर फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली कुशीला ठेवतात. ओकारी पूर्ण थांबेपर्यंत उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडत आहे. नाकातील नळीने थोडे थोडे अन्न लवकर सुरू केल्यास आतडे लवकर सावरते, असे अभ्यास सांगतात. उपचारांविना बहुसंख्य पिल्ले दगावतात. वेळीच व सलग उपचार मिळाल्यास बहुसंख्य वाचतात. म्हणून पहिल्या ओकारीलाच पशुवैद्याकडे न्यावे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

प्रतिबंध : आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात, पण लशीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलते. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, निदान सोळा आठवड्यांपर्यंत मात्रा देतात. एका सुईवर भागत नाही. विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनाईलला दाद देईलच असे नाही. विष्ठा काढून जागा धुतल्यावर एक भाग घरगुती ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून लावावे व दहा मिनिटे ओले राहू द्यावे. बऱ्या झालेल्या पिल्लाच्या विष्ठेतूनही काही आठवडे विषाणू बाहेर पडू शकतो.