टॅपेटची टिकटिक की बेअरिंगचा ठोका?

जुनी गाडी घेतली, सकाळी चावी फिरवली आणि बॉनेटखालून टकटक ऐकू आली की छातीत धस्स होतं. मग एक जण म्हणतो, "ऑइल बदल, जाईल." दुसरा म्हणतो, "इंजिन खोलावं लागणार." दोघेही बरोबर असू शकतात, कारण आवाज दोन आहेत. एक टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, दुसरा कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगचा. आधीच्या मालकाने ऑइलकडे दुर्लक्ष केलं असेल तर दोन्ही येऊ शकतात, म्हणून गफलत होते. पण पहिल्यात ऑइलची पातळी ठीक असेल तर गाडी चालवत नेता येते. दुसऱ्यात ती तिथल्या तिथे बंद करावी लागते.

टॅपेट इंजिनच्या वरच्या भागात, टॅपेट कव्हरखाली असतात. त्यांची टिकटिक बारीक आणि कोरडी, शिलाई मशीनसारखी. क्रँकचे, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे दोन फेरे होतात तेव्हा टॅपेट हलवणाऱ्या कॅमचा एक होतो, त्यामुळे ती इंजिनच्या वेगाच्या मानाने निवांत वाटते. हायड्रॉलिक टॅपेटमधली फट ऑइलच भरून काढतं. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरू शकतं, म्हणून सकाळी काही सेकंद टिकटिक होते आणि प्रेशर आलं की थांबते. एवढ्याने घाबरू नका. इंजिन गरम झाल्यावरही ती चालूच राहिली, तर ऑइल कमी आहे का किंवा गाळाने वाट अडली आहे का ते बघायचं. हायड्रॉलिक नसलेल्या टॅपेटची फट मेकॅनिक फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी मोजून बसवतो.

ठोका खालून येतो आणि जड असतो, बंद दारावर कुणी मुठीने मारावं तसा. रॉडचं बेअरिंग आणि क्रँक यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच फट असते आणि ती ऑइलच्या पापुद्र्याने भरलेली असते. पापुद्रा तुटला की बेअरिंगचा मऊ धातू घासतो, फट वाढते आणि रॉड क्रँकवर आपटू लागतो. म्हणूनच मला सगळ्यात भरवशाची वाटते ती खूण अशी: हायड्रॉलिक टॅपेटची टिकटिक इंजिन गरम होताना सहसा कमी होते, ठोका वाढतो, कारण तापलेलं ऑइल पातळ होतं. चढावर ठोका जोर धरतो. मेकॅनिक एकेका सिलिंडरच्या इग्निशन कॉइलचा किंवा इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघतो. दुखऱ्या सिलिंडरचा कनेक्टर निघाला की त्यात इंधन जळत नाही आणि ठोका दबतो, टॅपेटला मात्र फरक पडत नाही.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक आधी टॅपेट कव्हरवर, मग तळाच्या ऑइल चेंबरवर टेकवून मूठ कानाला लावली तर आवाज कुठून येतो ते बरंच कळतं. बेल्ट आणि फॅनपासून हात आणि कपडे लांब ठेवा. एक बहुरूपीही लक्षात असू द्या: एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची) गॅस्केट गेली असली तरी थंड इंजिन अगदी टॅपेटसारखं टिकटिकतं आणि गरम झालं की गप्प बसतं.

आता ऑइल. डिपस्टिकवरच्या काळ्या रंगावरून निकाल देऊ नका, डिझेलच्या गाडीत नवं ऑइलही लवकर काळं होतं. ऑइल भरायचं झाकण काढून टॉर्चने आत बघा. धातूवर मधासारखी तपकिरी झाक चालते, डांबरासारखे काळे थर चालत नाहीत. ऑइल काढताना ते स्वच्छ ट्रेमध्ये घ्या आणि उन्हात धरा. त्यात चमचमणारा चुरा तरंगत असेल तर कुठलं तरी बेअरिंग झिजतं आहे, असं समजून पुढचं बोलायचं.

गाळ असेल तर जालीम फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुणारं रसायन टाकून तो एका झटक्यात काढण्याच्या मी विरोधात आहे. सुटलेले तुकडे चेंबरमधल्या पंपाच्या जाळीवर अडकू शकतात, प्रेशर पडतं आणि कालच्या टिकटिकीचा उद्या ठोका होतो. त्यापेक्षा कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाका, हजार-दीड हजार किलोमीटर चालवा, पुन्हा दोन्ही बदला. धीर लागतो, पण इंजिन वाचतं.

ठोक्याला मात्र ऑइल हे औषध नाही. जाड ऑइलने तो काही दिवस दबतो, झीज तशीच राहते. वेळीच गाडी बंद करून टो करून नेली, तर क्रँक घासून 0.25 मिमी अंडरसाइज, म्हणजे घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीच्या बेअरिंगवर भागू शकतं. तशीच पळवली तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पडू शकतं. ऑइलचा लाल दिवा लागण्याची वाट बघू नका. तो पातळी नाही, प्रेशर दाखवतो, आणि प्रेशर फारच खाली गेल्याशिवाय लागत नाही.

गाडी अजून घ्यायची असेल, तर पोहोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकाला सांगा, "उद्या सकाळी येतो, तोवर गाडी सुरू करू नका." मग आधी थंड इंजिन ऐका आणि वीस मिनिटं चालवून पुन्हा ऐका.