पगारातला फरक नेमका कधी टोचतो?

दिवाळी आठवड्यावर आली की नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत चहाच्या टपऱ्यांवर एकच विषय असतो: कुणाकडे किती बोनस झाला. एखाद्या ऑपरेटरच्या खात्यात गेल्या वर्षीपेक्षा दोन हजार जास्त आलेले असतात, सकाळभर तो खुशीत असतो. दुपारच्या चहाला कळतं, की शेजारच्या लाइनवरच्या, त्याच्याच ग्रेडच्या माणसाला याहून पाच हजार जास्त मिळाले. खात्यातला एक रुपयाही हललेला नाही, तरी खुशी गेली. कितीतरी मालक यावर वैतागतात: ‘दिलं तरी रडतात!’ हा वैताग मला पटत नाही. कारण इथे माणसाच्या मनात जे घडतं त्याचा साठ वर्षांहून जास्त काळ अभ्यास झाला आहे, आणि त्यातून बरंच हाती लागलं आहे.

जॉन स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने 1963 मध्ये त्याची मांडणी केली. माणूस नुसता पगार मोजत नाही. आपण कामात काय घातलं आणि त्याबदल्यात काय मिळालं, याचा हिशेब तो ओळखीच्या दुसऱ्या माणसाच्या हिशेबाशी ताडून पाहतो. घातलेल्यात कष्ट, अनुभव, रात्रपाळ्या. मिळालेल्यात पगार, मान, सुपरवायझरची वागणूक. तोल बिघडलेला वाटला की तो पगारवाढ मागतो, हात आखडता घेतो, तुलनेसाठी दुसरा माणूस धरतो, नाहीतर नोकरी सोडतो. एचआरच्या तक्त्यात यातला राजीनामा तेवढा ठळक दिसतो. आखडता घेतलेला हात कुठल्याच तक्त्यात येत नाही.

ही तुलना फक्त माणूसच करतो का? सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी 2003 मध्ये कॅप्युचिन माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. माकडाने हातातला खडा परत दिला की त्याला काकडीचा तुकडा मिळायचा, आणि माकडं तो आनंदाने खायची. मग शेजारच्या माकडाला त्याच कामाचं द्राक्ष मिळू लागलं. तेव्हा काकडीवाल्या माकडांपैकी बरीच खडा द्यायला किंवा काकडी घ्यायला नकार देऊ लागली. पुढच्या काही प्रयोगांत असा परिणाम आढळला नाही, त्यामुळे माकडांना न्याय कळतो असं लगेच म्हणता येत नाही.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो आपल्याच देशातला, ओडिशातला प्रयोग. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या अर्थतज्ज्ञांनी तो केला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध केला. 378 मजुरांना छोट्या गटांत हंगामी काम दिलं. काही गटांत सगळ्यांना सारखी मजुरी, काहींत कमी-जास्त. दोन्हीकडे नेमकी तेवढीच मजुरी घेणाऱ्यांची तुलना केली. जिथे सोबत्याला जास्त मिळत होतं, तिथे कमी मजुरीवाल्यांचं उत्पादन घसरलं आणि हजेरी 18 टक्के बिंदूंनी उतरली. म्हणजे हातावर पोट असलेली माणसं स्वतःचा रोज बुडवून घरी बसली. पण खरी गोष्ट पुढे आहे. सोबती जास्त काम काढतो हे जिथे डोळ्यांना सहज दिसत होतं, तिथे मजुरीतल्या फरकाचा उत्पादनावर किंवा हजेरीवर म्हणण्यासारखा परिणाम झालाच नाही. फरक असणं लोकांना खुपत नाही, त्याचं कारण न दिसणं खुपतं.

कारण सांगण्याची पद्धतही मोजता आली आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी 1990 मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीच्या तीन कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑर्डरी गेल्यामुळे दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार 15 टक्क्यांनी कापले गेले. एका ठिकाणी दीडेक तास बसून हिशेब मांडला, प्रश्न ऐकून घेतले, वाईट वाटतंय हेही सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत निर्णय सांगून विषय संपवला. या दुसऱ्या कारखान्यात मालाची चोरी बरीच वाढली आणि माणसंही सोडून गेली. कपात दोन्हीकडे सारखीच होती.

आता आपल्याकडच्या पद्धतींकडे पाहू. पहिला घोळ बोनसचाच. 1965 च्या बोनस कायद्याने पात्र कामगाराला किमान 8.33 टक्के, म्हणजे साधारण वर्षातला एक महिन्याचा पगार, आणि जास्तीत जास्त 20 टक्के ही मर्यादा घातली. 2019 च्या वेतन संहितेतही तीच आहे. किमान बोनस हा हक्क आहे. तो भाषण करून बक्षीस म्हणून वाटला, तर चांगलं काम करणाऱ्याला वेगळं काय मिळालं हे कुणालाच कळत नाही. हक्काची रक्कम वेगळी आणि कामगिरीची वेगळी, असं स्लिपवर लिहिलेलं असलं पाहिजे.

दुसरा घोळ मोजमापाचा. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत हा रोज दिसतो. डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं) किंवा विरळणी (घडातले जादा मणी काढणं) एकरावर उक्ती, म्हणजे ठरलेल्या रकमेला, दिली की टोळी झपाट्याने काम उरकते, पण घाईत घड दुखावतात, मणी नको तिथे राहतात. तेच काम रोजंदारीवर नीट होतं, पण रेंगाळतं. बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी 1991 मध्ये हेच गणिताने मांडलं: कामाला अनेक बाजू असतील आणि पैसे मोजता येणाऱ्या बाजूवरच असतील, तर बाकीच्या बाजू मार खातात. जाणते बागायतदार यावर वाट काढतात. उक्तं देतात, पण रोज चार ओळी मुकादमाबरोबर चालून पाहतात आणि काम नीट उतरलं तर वर काही ठरवून देतात. कारखान्यात नुसत्या नगांवर इन्सेंटिव्ह लावणाऱ्यांनी एकदा ही पद्धत पाहून यावी. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, कुठून येतं ते तिथे समजेल.

तिसरी गोष्ट अप्रेझलची, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाची, ती थोडक्यात सांगतो. निकष वर्षाच्या सुरुवातीला सांगा, एकाच सुपरवायझरच्या मतावर ग्रेड ठरवू नका, आणि ग्रेड पटली नाही तर दाद मागायला त्या सुपरवायझरखेरीज दुसरं माणूस असू द्या.

पण नुसतं समजावून सगळं सुटत नाही, हेही स्पष्ट म्हणायला हवं. एकाच मशिनवर पहिल्या पाळीत पर्मनंट कामगार, दुसऱ्या पाळीत कंत्राटी, नग तेवढेच आणि पगार मात्र निम्म्याच्या आसपास, अशा ठिकाणी कितीही प्रेमाने मीटिंग घेतली तरी सांगण्याजोगं कारणच नसतं. तिथे पगार दुरुस्त करणं एवढाच मार्ग आहे.

द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये याची कसोटी लागते. क्रेट उचलणाऱ्या पुरुषाला जास्त रोज आणि घड साफ करून प्रतवारी करणाऱ्या बाईला कमी, हा फरक अनेकांना इतका सवयीचा असतो की कुणी विचारतही नाही. विचारलं तर ‘त्याचं काम अंगमेहनतीचं’ एवढंच उत्तर येतं. समान कामाची समान मजुरी ठरवताना वेतन संहिता चार गोष्टी पाहायला सांगते: कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी. क्रेटवाल्याला श्रमाचे जास्त गुण द्यावेतच. पण कात्रीचं टोक मण्याला न लावता सडका मणी काढणं, रंग आणि आकार नजरेने ओळखणं, हे शिकायला हंगाम जातात. आणि युरोपला निघालेल्या डब्यात एक खराब घड गेला तर अख्खा माल अडचणीत येऊ शकतो, ती जबाबदारी तिच्या हातात असते. चारही रकान्यांत गुण भरून बेरीज केली, की बहुतेक ठिकाणी रोजाचे आकडे नव्याने लिहावे लागतील.